परळातला पटोला

माझ्या आईचं आणि सासूबाईंचं भांडण असं कधी झालेलं नाही. दोघी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणतात, शेवटची पुरणपोळी आग्रहापायी गार करतात, आणि मतभेद झालाच तर तो 'तुमचं बरोबरच असेल, पण' असा सुरू होतो. गेल्या डिसेंबरात सासूबाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गुहागरहून पुण्याला आल्या आणि तीन आठवडे राहिल्या. त्या तीन आठवड्यांत हा 'पण' आमच्या मागच्या गॅलरीत रोज चारच्या चहाला हजर असायचा. विषय एकच: आईच्या तीन कुंड्या आणि मासे मेल्यावर उरलेली एक काचेची पेटी.

गॅलरी उत्तरेची. समोर बारा फुटांवर दुसरी इमारत. मे अखेरपासून जुलैपर्यंत सूर्य जरा उत्तरेकडे कलतो तेव्हा सकाळी तासभर उन्हाची एक पट्टी कठड्यावर येते, एरवी वर्षभर सावली. या गॅलरीत आईनं तुळस घालवली, मोगऱ्याला तीन वर्षं नुसती पानं आणली, आणि एका गुलाबाला इतक्या मायेनं मारलं की तो विषय आम्ही घरात काढत नाही. मग शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी तिला ल्युडिसियाची वीतभर छाट दिली. तेव्हापासून आईला आपल्या गॅलरीत ऊन नाही याचं वाईट वाटेनासं झालं.

ल्युडिसिया ही ऑर्किडच, म्हणजे आमरी. पण झाडावर चढून बसणारी नव्हे. दक्षिण चीनपासून मलेशिया-इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत जमिनीवर, कुजक्या पाल्यात सरपटणारी. पान जवळजवळ काळं, मखमलीचं, आणि त्यावर लांबीच्या अंगानं तांबूस गुलाबी रेघा, कुणी बारीक कुंचल्यानं ओढाव्यात तशा. या जातकुळीच्या आमऱ्यांना इंग्रजीत 'ज्युएल ऑर्किड' म्हणतात. मराठीत नाव नाही म्हणून आईनं स्वतःच 'रत्नपर्णी' असं नाव पाडलं. शेजारच्या काकांना ते थेट आयुर्वेदातलं वाटलं, आणि ही वनस्पती कशावर चालते असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी काळ्या चष्म्याआडून कुंडीकडे पाहिलं.

"हे करपलंय का हो, विहीणबाई?"

"नाही, त्याचा रंगच तसा आहे."

"असं. मग फुलतं कधी?"

"फुलतं की. याच दिवसांत. पण मी फुलू देत नाही."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचं गुहागरला पोफळीचं आगर आहे. परसात अबोली, सोनटक्का, बकुळ, फेब्रुवारी-मार्चात सुरंगी. झाडाला फूल नसेल तर फळ हवं, फळ नसेल तर लाकूड, आणि काहीच नसेल तर निदान त्याचा पातेरा तरी भरपूर पडावा, हा त्यांचा हिशेब. फूल येत असून खुडून टाकणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

"म्हणजे कळी खुडता?"

"दांडा वर यायला लागला की खुडते. याचं काय आहे, प्रत्येक फुटव्याच्या टोकाला फुलदांडा येतो. तो एकदा आला की त्या फुटव्याची वाढ संपली. खालची पानं मलूल पडतात, कधी गळतात. मग बाजूनं नवा फुटवा येईपर्यंत नुसत्या उघड्या कांड्या बघत बसायचं."

"तुमचं बरोबरच असेल, पण झाडाला एवढं एकच काम असतं हो. तुम्ही शाळेतल्या. मुलांनी उत्तर लिहायच्या आत पेपर काढून घेतलात कधी?"

आईनं चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. पेपर काढून घेतल्याचे प्रसंग पुष्कळ असावेत, कारण तिनं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "ऑर्किड म्हणजे लग्नात स्टेजला टोचतात ती जांभळी फुलं ना? ती तर दहा दहा दिवस टिकतात."

"ती डेंड्रोबियम. बरीचशी थायलंडहून येतात. त्यांचं पान बघितलंत कधी? बघूच नका. फुलासाठी सहन करायचं असतं ते. आणि हे नेमकं उलटं. याचं फूल बोटाच्या पेराएवढं, पांढरं, मध्ये पिवळं, जरासं पिळवटलेलं. छान असतं, नाही म्हणत नाही मी. पण ते वर्षातून तीन आठवडे. पान बारा महिने."

"तीन आठवड्यांसाठीच तर वाट बघायची असते. सुरंगी काय बारा महिने असते?"

यावर आईकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असूही नये. पण दोघींच्या बोलण्यातला खरा फरक मला इथे कळला. सासूबाईंच्या लेखी झाड म्हणजे ऋतू: येणं, बहरणं, जाणं. आईच्या लेखी झाड म्हणजे खोलीत राहणारं माणूस. ज्याच्याकडे आगर आहे त्याला वाट पाहणं परवडतं. ज्याच्याकडे बारा बाय चारची गॅलरी आहे त्याला रोज काहीतरी दिसावं लागतं.

"आणि हे पान एवढं नटतं कुणासाठी?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न. "फूल नटतं ते माशी-पाखरासाठी, एवढं आम्हालाही कळतं. पानाकडे कोण येतंय?"

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर आईनं त्याला शाबासकी दिली असती. इथे तिनं चहाचा दुसरा कप केला. मग तिनं सांगितलं ते असं. घनदाट जंगलाच्या तळाशी वरच्या प्रकाशातला शंभरात एखाद-दुसरा भाग पोहोचतो. त्या एवढ्याशा प्रकाशावर या झाडानं पोट भरायचं. म्हणून त्याच्या पानाच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसतात, भिंगासारख्या फुगीर असतात. कुठूनही तिरपा येणारा उजेड आत ओढून घेतात. मखमलीसारखं दिसतं ते याच फुगीरपणामुळे. पानाची पाठ लालसर असते. ती का, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अजून वाद घालतात. निसटून जाणारा उजेड परत आत ढकलायला, असं काहींचं म्हणणं.

"म्हणजे नटणं नव्हेच. काटकसर."

"काटकसरच."

"मग मला आवडायला हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. वाकायचं नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. पण नव्या भिंगाची नजर आली होती. घरात शिरल्या शिरल्या त्यांना भिंतीचा रंग पिवळट नसून पांढरा असल्याचं कळलं, सुनेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या वहिनीच्या, साडीचा फोनवरचा फोटो त्यांनी पुन्हा मागवून पाहिला, आणि गॅलरीत येऊन त्या गप्प झाल्या. त्यांना वाकायला नको म्हणून आईनं काचेच्या पेटीतली छोटी कुंडी उचलून टेबलावर ठेवली होती.

ही ल्युडिसिया नव्हे, तिची चुलत बहीण: मॅकोडिस पेटोला. हिरवं, जवळजवळ गोल पान आणि त्यावर उभ्या-आडव्या सोनेरी शिरांचं जाळं. खिडकीचा उजेड तिरपा पडला की ते जाळं खरोखर चमकतं. दागिन्यावरचा प्रकाश असतो तशी चमक नव्हे. जुन्या जरीच्या उलट्या बाजूची असते तशी.

"हे कापड आहे," सासूबाई म्हणाल्या.

आणि इथे मला माझ्या वाचनाचं सार्थक करायची संधी मिळाली, जी या दोघींपुढे सहसा मिळत नाही. 'पेटोला' हा शब्द मलय भाषेतला, पण मूळचा आपल्याकडचा. पटोला. गुजरातेतल्या पाटणचं ते रेशमी कापड: ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधी बांधून बांधून रंगवायचे, आणि मग धागा धाग्याला असा भिडवायचा की नक्षी मागावर जुळून यावी. एका साडीला कित्येक महिने लागतात. हे कापड शतकानुशतकं जहाजांतून इंडोनेशियाच्या बेटांवर जायचं. तिथं त्याची साडी होत नसे. राजे-सरदार ते मानाचं म्हणून बाळगत, पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवत, विधींना बाहेर काढत. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थानिक सरदारांना खूश ठेवण्यासाठी पटोलेच वाटायची. मग जंगलात एका पानावर तशीच जाळी दिसल्यावर तिथल्या माणसांनी त्या पानाला दुसरं काय नाव द्यावं?

"म्हणजे आपलं लुगडं तिकडे जाऊन झाड झालं," सासूबाई म्हणाल्या.

"आपलं कसलं, गुजरातचं," आई.

"थांब," मी म्हणालो. "पाटणचे पटोले विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असं सांगतात. बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळानं सातशे साळवी कुटुंबं जालन्याकडून पाटणला नेली, अशी त्यांची परंपरा आहे."

आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिला शाळेत 'हे पुस्तकात कुठे आहे?' असा अर्थ होता. परंपराच आहे, ताम्रपट नाही, हे मी कबूल केलं. पण जालन्याच्या मागावरून पाटण, पाटणहून समुद्रापार, आणि समुद्रापारच्या जंगलातून कोथरूडच्या काचेच्या पेटीत, हा प्रवास मला इतका आवडतो की पुरावा थोडा कमी पडला तरी मी तो सांगत राहणार आहे.

या पानाचं लेखी वर्णन युरोपला ज्यानं दिलं तो गेओर्ग रुम्फ. मूळचा जर्मन, डच कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर आयुष्य काढलेला. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. चार वर्षांनी भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ मध्ये आगीत त्याची चित्रं जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेलं जहाज फ्रेंचांनी बुडवलं. सुदैवानं प्रत मागे होती. लेखनिकांना तोंडी सांगून, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून त्यानं अंबोनच्या वनस्पतींचा ग्रंथ पुरा केला. १७०२ मध्ये तो वारला आणि ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "आंधळ्या माणसानं," एवढंच म्हणाल्या. मग, थोड्या वेळानं, "थेंब घालायची वेळ झाली ना गो माझी?" ते मीराला, माझ्या बायकोला होतं.

एवढं झाल्यावर दोघींचं जमलं असेल असं वाटत असेल तर चूक. खरा वाद दुसऱ्याच दिवशी झाला, आणि तो पाण्यावरून.

मॅकोडिसचा एक फुटवा बुडाशी मऊ पडला होता. आईनं पेटीचं झाकण आणखी घट्ट केलं. तिचं म्हणणं: पुण्याची हवा कोरडी, एप्रिलात तर पापड वाळवावेत अशी. या झाडांना साठ-सत्तर टक्के तरी दमटपणा हवा. ल्युडिसिया निदान खोलीत जगते, हिला काच हवीच. लंडनच्या डॉक्टर वॉर्डनं १८२९ मध्ये पतंगाचा कोश बाटलीत ठेवला होता, त्या बंद बाटलीत पतंगाचं काय झालं ते राहू दे, पण मातीतून नेचं उगवलं. आणि तेव्हापासून काचेच्या पेट्यांत झाडं ठेवायची पद्धत पडली. इंग्लंडात तर या आमऱ्या काचेच्या घुमटाखालीच वाढवत.

"तुमचं बरोबरच असेल," सासूबाई म्हणाल्या, "पण हे कुजतंय ते तहानेनं नाही. गुदमरून."

"पण विहीणबाई, दमटपणा..."

"दमट म्हणजे ओलं नव्हे. आमच्या आगरात श्रावणात काय कमी दमट असतं? पण खाडीवरनं वारा येतो. पोफळीच्या झावळ्या हलत असतात. मिरीचा वेल, जायफळाचं रोप, सगळी सावलीत वाढतात, पण कोंडलेल्या सावलीत नाही. तुमच्या काचेला बघा, आतून घाम फुटलाय. आणि ही कुंडी बघा. बादलीएवढी खोल! मुळं तर वरच्या वर चालली आहेत, बोटभर. खालच्या मातीत पाणी साचून राहतंय ते कुणासाठी?"

त्यांनी कुंडीच्या बुडाच्या भोकात हेअरपिन घातली. ती चिखल घेऊन बाहेर आली. आईला हे लागलं. तिच्या हातातून कुणी उत्तरपत्रिका घेऊन तपासावी तसं झालं ते. पण शास्त्र शिकवलेली बाई. पिनेवरचा चिखल तिनं हुंगला, आंबूस वास आला, आणि वाद तिथे संपला.

मग दोघींनी जे केलं ते मी दाराआडून पाहिलं. कुजलेला भाग खाली निरोगी पेर दिसेपर्यंत कापून टाकला. उरलेल्या फुटव्याच्या दोन-तीन पेरांच्या छाटा केल्या. हे खोड मांसल असतं आणि काचेसारखं कडकन मोडतं, पण प्रत्येक पेराला मूळ फुटायची तयारी असते. छाटा उभ्या न खोचता ओल्या शेवाळावर आडव्या निजवल्या. कापलेल्या टोकाला लाकडी कोळशाची पूड. बाजारातून मातीचं एक रुंद परळ आणलं, त्याला बुडाशी दोन भोकं पाडली. त्यात माती जवळपास नाहीच: कोकोपीट, मुरलेला पातेरा, परलाइट, कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि उघडली की सुटावा, हे माप सासूबाईंचं. पेटीचं झाकण अर्धं सरकवून ठेवायचं आणि दुपारी तासभर पूर्ण काढायचं. रात्री थंडी पडली की कुंड्या घरात, कारण पंधरा अंशांच्या खाली ही झाडं रुसतात आणि पुण्याचा डिसेंबर त्याहून कितीतरी खाली उतरतो. हे शेवटचं आईला आधीपासून माहीत होतं, आणि तिनं ते दोनदा सांगितलं.

पाण्याबद्दल मात्र सासूबाईंना शिकावं लागलं. त्यांच्या विहिरीच्या पाण्याचं पानावर काही उरत नाही. आमच्याकडच्या बोअरच्या, टँकरच्या पाण्याचा थेंब मखमलीवर वाळला की पांढरा डाग, जो जात नाही, आणि मुळांशी क्षार साठतात ते वेगळंच. म्हणून आई पावसाळ्यात पिंपं भरून ठेवते, तेही फक्त यांच्यासाठी. पानं कपड्यानं पुसत नाही, चित्रकलेच्या मऊ ब्रशानं झाडते. "विहीणबाई पानांना पावडर लावतात," असा निरोप त्या दिवशी गुहागरला गेला.

दोन छाटांपैकी एक जगली. दुसरी का नाही, यावर दोघींची दोन मतं आहेत.

नाताळच्या सुमारास सासूबाईंनी मनातलं बोलून टाकलं. "एक विचारू? जंगलातलं झाड आहे हे. ते तिथंच असावं ना? आमच्या देवराईत पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटून एक पान येतं. एकच. बदामाच्या आकाराचं, घड्या घातल्यासारखं, जरा जांभळट. लहानपणी मी ते आणून परसात लावलं तर आजी मला परत पाठवायची, जिथनं आणलं तिथं ठेवून ये म्हणून. देवीचं ते."

"नर्व्हिलिया असणार," आई एकदम सरसावली. "तीही आमरीच. सह्याद्रीत आहे. फूल आधी येतं, एकटा दांडा, आणि ते सुकलं की मग पान."

"मी फूल कधी बघितलं नाही."

"आजी बरोबर होत्या. ते परसात जगलंही नसतं. आमरीचं बी धुळीसारखं असतं, आत शिदोरी काही नाही. मातीतल्या एका बुरशीनं भरवलं तरच रुजतं. जंगलातली माती सोडून आणलंत की झाड उपाशी."

"मग हे कसं जगलं?"

"हे जंगलातून आलेलंच नाही. ल्युडिसियाचं वर्णन इंग्लंडात १८१८ मध्ये छापून आलं, तेव्हाही ती कुंडीतच होती. दोनशे वर्षं छाटेवरून छाट. पण सगळ्याच जणींचं नशीब तसं नाही." आणि तिनं अनेक्टोकायलसबद्दल सांगितलं. त्या कुळातली एक श्रीलंकेत आणि आपल्या दक्षिण घाटात आढळते; सिंहली माणसं तिला 'वनराजा' म्हणतात. चीन आणि तैवानमध्ये तिच्या बहिणींना सोनेरी धाग्याचं कमळ म्हणतात आणि औषध म्हणून इतकं उपटतात की रानात ती सापडणं मुश्किल झालं. आता तिथे प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत लाखांनी रोपं करतात, तरी रानातल्या मालाला भाव जास्त, कारण गिऱ्हाइकाला रानातलंच हवं असतं. आई रोप घेताना विकणाऱ्याला म्हणूनच तीनदा विचारते, की हे बाटलीतलं की छाटेचं, की कुठून उपटलेलं. उत्तर देताना जो अडखळला त्याच्याकडून घेत नाही.

"अडखळला नाही तरी खोटं बोलू शकतो," सासूबाई म्हणाल्या. आई म्हणाली, हो.

हा एकच वाद असा होता ज्यात कुणीच 'तुमचं बरोबरच असेल' म्हटलं नाही. मला विचाराल तर इथे पारडं सासूबाईंकडे थोडं झुकतं. जी वस्तू जवळ ठेवायची हौस लाखोंना लागते, तिचं मूळ ठिकाण त्या हौसेतून सुटत नाही, कितीही चौकशी करून घेतली तरी. पण असंही आहे की या काचेच्या पेटीपुढे बसून आमच्या घरात चारचौघांनी पहिल्यांदा जंगलाच्या तळाचा विचार केला. वरच्या वृक्षांचा तर सगळेच करतात.

फुलाचा प्रश्न राहिलाच होता. सासूबाई परत जायच्या आधी ल्युडिसियाच्या दोन कुंड्यांत दांडे वर आले होते, किरमिजी, लवदार, टोकाला कळ्यांची गर्दी. आईनं कात्री आणली आणि विहीणबाईंकडे पाहिलं.

"एक ठेवते, एक खुडते. प्रयोग म्हणून."

"लेकरांत असा प्रयोग करू नये हो."

"विहीणबाई, ही लेकरं नाहीत."

"मग रोज सकाळी त्यांना कोण काय काय सांगत असतं?"

एक खुडला, एक ठेवला. जानेवारीच्या अखेरीस तो उमलला. आईनं फोटो काढून गुहागरला पाठवला. एक नव्हे, नऊ. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. बघितली म्हणाल्या. नाजूक आहेत. पण माळण्याजोगी नाहीत, आणि वास येतो का त्याचंही फोटोत कळत नाही.

"वास सोडा, ती मधली पिवळी गाठ नीट बघितलीत का? सरळ नाही ती, वळलेली आहे. प्रत्येक फूल एकीकडे मान मुरडून उभं आहे. फोटो मोठा करून बघा," आई तावातावानं सांगत होती. फुलाची बाजू घेऊन बोलताना तिला मी प्रथमच ऐकत होतो.

"तुमचं बरोबरच असेल," पलीकडून आलं, "पण त्या पानावर पडलेला उजेड जास्त छान आलाय."

फुललेल्या फुटव्याची खालची तीन पानं मार्चपर्यंत गळली, आईनं सांगितलं होतं तशीच. ती तिनं मोजून वहीत लिहिली. एप्रिलात त्याच्या बगलेतून दोन नवे कोंब आले; तेही लिहिले. खुडलेल्या कुंडीत एक आला. याचा निष्कर्ष काय, असं मी विचारल्यावर एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो असं उत्तर मिळालं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंकडून फोटो आला. ओली काळी माती, कुजका पातेरा, आणि त्यावर जमिनीला चिकटलेलं एकच पान: बदामाच्या आकाराचं, चुण्याचुण्यांचं, पावसाचे थेंब तसेच उभे. कडेला एक अंगठा. आईनं ताबडतोब फोन लावला.

"हात लावू नका हं त्याला."

"मी कशाला लावते? अंगठा मापासाठी ठेवलाय. केवढंसं आहे ते कळायला नको?"

"आणि फूल?"

"येऊन गेलं असणार. आठ दिवस सारखा पाऊस, मी काही देवराईत गेले नाही. सुकलेला एक दांडा आहे बाजूला, तोच असेल." मग जरा थांबून, "या वेळी वाकून बघितलं. इतकी वर्षं उभ्यानंच बघत होते."

"पाठीकडून कसं आहे पान? लाल आहे का?"

"ते बघायला उचलावं लागेल," सासूबाई म्हणाल्या. "नाही उचललं मी."